आत्यानं घासलेलं चाक

शिंप्यांच्या गल्लीत कुणाचं मशीन अडलं, टाके सुटायला लागले, दोरा सारखा तुटायला लागला, की एकच वाक्य ऐकू येतं: "आत्याकडे ने." आत्या तशी एकाच मुलीची, तिच्या भावाच्या लेकीची. ती मुलगी लहानपणी सुट्टीत यायची आणि "आत्या, आत्या" करत दुकानभर नाचायची. गल्लीनं ते उचललं. आता तिच्याहून वयानं मोठे शिंपीसुद्धा तिला आत्याच म्हणतात. तिची काही तक्रार नाही. "आजी म्हणत नाहीत तोवर ठीक आहे," म्हणते.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उभं राहताना मान वाकवावी लागते, म्हणून गिऱ्हाईक आपोआपच नम्र होतं. एका बाजूला टेबल, टेबलाला सात-आठ खण, खणांत स्प्रिंगा, स्क्रू, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात रॉकेलचा डबा, त्यात कुठल्या ना कुठल्या मशीनचे अवयव भिजत पडलेले. दाराशी तिचं स्वतःचं जुनं पायानं चालवायचं मशीन. या खोलीत एक वाक्य बोलायला बंदी आहे: "चालतंय की." एका शिंप्यानं घाईत असताना "असू दे आत्या, चालतंय की" म्हटलं, तेव्हा तिनं त्याचं जोडलेलं मशीन परत उघडून ठेवलं आणि त्याला उद्या या म्हणून सांगितलं. चुकीची वस्तू तिच्या टेबलावरून खाली उतरत नाही. हा तिचा मान, आणि ती तो जरा जास्तच जपते.

वरच्या मजल्यावर घर. घरात नवरा, आणि नवऱ्याइतकाच जुना एक रेकॉर्ड प्लेअर. आता शिलाई मशीनवाल्या बाईच्या घरी हेवी मेटलची रेकॉर्ड काय करतेय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच पाहिजे, कारण या गावातली सगळी बँडवाली पोरं त्या रेकॉर्डच्या जिवावर मोठी झालीयत, आणि आत्याच्या आयुष्यातली एकमेव बोचही तिनंच लावलीय. बाकी बाईचं छान चाललंय. पण तिच्या सख्ख्या भावानं या घरात कित्येक वर्षं गिटारच्या तारेला बोट लावलेलं नाही. तो येतो, जेवतो, गुडघेदुखीची चौकशी करतो आणि जातो. आपला दादा या घरात परत एकदा वाजवताना दिसावा, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मागायला तोंड नव्हतं.

झालं होतं असं. दादा विशीत असताना जुन्या बाजारात गेला आणि चांगली धडधाकट सायकल देऊन एक रेकॉर्ड घेऊन चालत घरी आला. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या चार पोरांची ती पहिलीच रेकॉर्ड. असलं संगीत आधी कुणी केलेलंच नव्हतं, त्याला हेवी मेटल म्हणायचं हेही तेव्हा धड ठरलेलं नव्हतं. कव्हरवर धुक्यात उभा एक रोडरोलर. आई म्हणाली, "आणि ही वाजवणार कशावर? तुझ्या डोक्यावर?" कारण घरात रेकॉर्ड प्लेअरच नव्हता. ज्यानं सायकल घालवली त्याचंच नाव मित्रांत "सायकल" पडलं, ते आजतागायत.

पुढे भंगारात एक प्लेअर मिळाला. मोटर फिरत होती, पण मोटरच्या टोकावरचं छोटं चाक गायब. त्या चाकावरून पट्टा जातो आणि वरची थाळी फिरवतो. चाक नाही तर सगळंच ठप्प. आत्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, शेजारच्या कारागिराकडे मशीनचं काम नुकतंच शिकायला लागलेली. ती म्हणाली, मी बनवते. तिनं मोडक्या मशीनचं एक पितळी चाक घेतलं, दोऱ्याची बॉबिन भरायच्या दांडीवर बसवलं, दादाला मशीनवर बसवून पाय मारायला लावले, आणि फिरत्या चाकाला कानस टेकवली. थोडं घासायचं, वर प्लेअरला लावून बघायचं, परत घासायचं.

आता गंमत ऐका. रेकॉर्ड मुळात कशी वाजते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा वाजली तेव्हा गाणाऱ्याचा आवाज कुणीतरी चिमटा काढल्यासारखा आला. आत्या म्हणाली, असला आवाज असतो का बाप्याचा? अजून घासलं. चाक जितकं बारीक, तितकी रेकॉर्ड सावकाश आणि आवाज जड. मग आवाज पोरसवदा वाटला. अजून घासलं. शेवटी एकदाचा छातीतून निघालेला, भरदार पुरुषी आवाज आला आणि गिटार अशी घरघरली की फळीवरची भांडी वाजायला लागली. दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. "हां, आत्ता बरोबर झालं," आत्या म्हणाली. चोख काम म्हणून तिनं केलेलं हे पहिलं काम.

मग काय, घरात जत्रा. दादानं गिटार मिळवली आणि रेकॉर्डच्या आवाजाला आवाज जुळेपर्यंत तारा सैल केल्या. त्याचा एक मित्र नळजोडणीचं काम करायचा, त्यानं जाड तारांची बेस गिटार घेतली आणि गायलाही लागला. त्याचा आवाज मुळातच मोरीतून आल्यासारखा खोल, त्यामुळे शिकायला काही उरलंच नव्हतं. बेकरीवाला ड्रमवर. पीठ तिंबून तिंबून त्याच्या हातात ताकद होती आणि घाई अजिबात नव्हती. तिघं मिळून असं वाजवायचे की खालच्या मजल्यावरची बाई म्हणायची, "नुसता दणदणाट, बाई. घर सोडून पळावंसं वाटतं आणि पाय तर उचलत नाहीत."

मग दादाला दुसऱ्या शहरात छापखान्यात नोकरी लागली. चार-सहा महिन्यांनी सुट्टीवर आला तो उंबऱ्यातूनच सांगत आला. तिकडच्या एका दुकानात त्यानं हीच रेकॉर्ड ऐकली होती. "आपली सावकाश वाजते. आपण सगळं चुकीचं बसवलंय. आवाज वर पाहिजे, वेग जास्त पाहिजे."

नळवाला हसला. "तुझ्या दुकानदाराचं मशीन पळत असेल, सायकल."

"मी दोन दुकानांत ऐकलं."

"दोन्ही पळत असतील. शहरात सगळ्यांनाच घाई."

हसण्यावारी न्यायचं ते पुढे वाढत गेलं. तू शहरात राहून आम्हाला अक्कल शिकवतोस, तू विहिरीतला बेडूक, असं कायकाय दोघं बोलले. शेवटी दादा बहिणीकडे वळला. "चाक तू केलंस. तू सांग."

गल्लीतले लोक तेव्हा नुकतेच तिच्याकडे मशीनं आणायला लागले होते. मनात थोडी शंका आलीही असेल. पण मान आडवा आला. ती म्हणाली, "माझं चाक चुकीचं नाही." दादानं गिटार पिशवीत घातली. भांडण संपलं, कुणी कुणाला टाकलं नाही. पुढे तिनं नळवाल्याशी लग्न केलं, तो याच घरात राहायला आला, आणि त्या लग्नात दादा सगळ्यांत जास्त राबला. पण त्या दिवसापासून या घरात रेकॉर्ड लागली की "जरा खाली जाऊन येतो" म्हणून उठायचा आणि गाणी संपल्यावर वर यायचा.

इकडे गावात मात्र रेकॉर्डनं घर केलं. नळवाला आणि बेकरीवाला यांच्याकडून पुढची पोरं शिकली, त्यांच्याकडून त्यांच्या पुढची. सगळ्यांच्या तारा सैल, सगळ्यांचा ठेका जड. वाद्यांच्या दुकानात सगळ्यांत जाड तारा आधी संपतात. बाहेरगावचे बँडवाले येतात, विचारतात, तुमच्याकडचा आवाज एवढा वजनदार कसा? इथली पोरं खांदे उडवतात. पुढे फोनवर सगळंच ऐकायला मिळायला लागलं, तीच गाणी फोनवर भराभरा आणि बारीक आवाजात वाजायला लागली, तेव्हाही कुणी डगमगलं नाही. कंपनीनं नंतर ती पळवली, पातळ केली, असं गावानं ठरवून टाकलं. खरी रेकॉर्ड आत्याकडे आहे. सुट्टीच्या दिवशी पोरं जोडे बाहेर काढून वर यायची आणि खरी रेकॉर्ड ऐकून जायची. आत्याही सांगायची, "फोनवरचं काय घेऊन बसलात रे."

यंदा भाचीला याच गावात नोकरी लागली आणि ती आत्याकडे राहायला आली. सोबत कपड्यांची एक बॅग आणि गिटार. आत्याचं घर भरलं. नळवाल्यालाही रात्रीच्या जेवणाला नवा श्रोता मिळाला, जुन्यांनी त्याचे किस्से ऐकून ऐकून कान किटवून घेतले होते. आणि अशा सगळ्या सुखात एका सकाळी रेकॉर्ड अडखळायला लागली. आत्यानं प्लेअर उघडला. तिच्या पितळी चाकाला स्क्रूच्या भोकापाशी चीर गेली होती.

"दुसरं करते," ती म्हणाली.

"करतेस कशाला? त्या कंपनीचं अस्सल मिळतं," भाची म्हणाली. तिनं फोनवरून चाक मागवलं. जुन्या प्लेअरचे सुटे भाग बनवणारा कुणी होता, त्यानं ते डबीत कापूस घालून पाठवलं.

डबी आली तेव्हा आत्या दुकानात एकटी होती. तिनं नवं चाक एका तळहातावर घेतलं, जुनं दुसऱ्या. प्लेअर लावून बघायची गरजच पडली नाही. आयुष्यभर चाकं हाताळलेली बाई ती. नवं चाक जाड होतं. नजर चुकावी इतकं थोडं जाड नव्हतं, चांगलं बोटाला कळेल इतकं. जाड चाक म्हणजे वेग जास्त. तरी माप घ्यायचा कॅलिपर लावून बघितलं, कारण तिचा स्वभाव तसा. मग वर जाऊन चाक बसवलं, सुई टेकवली, आणि गाणारा पहिल्याच ओळीला चिमटा काढल्यासारखा ओरडला. फोनवरच्यासारखा. दादा म्हणाला होता तसा.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. खालून कुणीतरी "आत्या, मशीन झालं का?" म्हणून हाक मारत होतं. पहिल्यांदाच तिनं ओ दिली नाही.

दुपारी नळवाला जेवायला आला तेव्हा तिनं दोन्ही चाकं त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. लग्नाआधी दोघांचं अरेतुरे होतं, ते तसंच राहिलंय. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे सायकल बरोबर होता," तो म्हणाला.

"हो."

"मी त्याला काय काय बोललो तेव्हा."

"मीही बोलले. एकच वाक्य, पण तेच लागलं त्याला."

नळवाल्यानं नवं चाक उचलून उजेडात धरलं. "तो रविवारी येतोय पोरीला भेटायला. तू असं कर, हे घासून टाक. तुझ्या हातचा दहा मिनिटांचा खेळ. कुणाला पत्ता लागणार नाही. एवढ्या वर्षांनी उकरून काढायचं म्हणजे गावातल्या सगळ्या पोरांना सांगायचं, बाबांनो, आपण सगळेच येडे."

"गावाचं राहू दे. दादाचं काय?"

"त्याला काय माहीत नाही? माहीतच आहे."

"त्याला माहीत आहे. मला माहीत झालंय हे त्याला माहीत नाही," आत्या म्हणाली. नळवाला उठून हात धुवायला गेला.

पण खरं सांगायचं तर तिलाही मोह झाला. शनिवारी दुकानात ती दोनदा कानस हातात घेऊन बसली. घासलं की मिटलं. घर पूर्वीसारखं, पोरं पूर्वीसारखी, मानही शाबूत. दादाही पूर्वीसारखाच, येईल आणि जिना उतरून खाली जाईल. तिनं कानस खणात टाकली आणि खण गुडघ्यानं लावून घेतला.

रविवारी दादा आला. केस पार पांढरे झालेले, गुडघे दोघांचेही सारखेच कुरकुरणारे. लेकीला जवळ घेतलं, बहिणीला म्हणाला, "बारीक झालीस," हे तो दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी खोटं असतं. बेकरीवाला गरम पाव घेऊन आला. चहा झाला. मग आत्या उठली, तिनं रेकॉर्ड काढली, पुसली, थाळीवर ठेवली. सवयीनं दादाही उठला. "जरा खाली जाऊन येतो."

"दादा, बस," ती म्हणाली. "आज बस."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, तो बसला. सुई टेकली. गिटार भराभरा धावली, गाणारा वरच्या पट्टीत सुरू झाला. बेकरीवाला पाव हातात धरून थांबला. "हे काय, फोनवरचं लावलंस का?" भाची वाकून प्लेअरकडे बघायला लागली. नळवाला स्वतःच्या पायांकडे बघत होता. दादा मात्र हलला नाही. तोंडावर कुणीतरी गार पाणी मारावं तसा बसला होता.

आत्यानं सुई उचलली. जुनं चाक त्याच्या हातात दिलं. "हे मी केलेलं. आत्ता लावलंय ते कंपनीचं. माझं बारीक आहे, दादा. मी जास्त घासलं. तू बरोबर होतास आणि मी तुला चारचौघांत खोटं पाडलं."

"तिनं एकटीनं नाही," नळवाला पायांकडे बघतच म्हणाला. "माझं तोंड जास्त सुटलं होतं."

दादा ते चाक बोटांत फिरवत राहिला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"मग इतकी वर्षं एकदा तरी बोलायचंस. भांडायचंस. नुसता जिना उतरून जायचास."

"काय बोलू? मी चुकलो असतो ना, तर पुढच्याच सुट्टीत येऊन कान पकडले असते, संपलं असतं. पण बरोबर होतो. बरोबर असलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं परत यायचं, सांग."

बेकरीवाल्यानं पाव परत ठेवला.

"आता यापुढे ही बरोबरच वाजेल," आत्या डोळे पुसत म्हणाली. "सगळ्या पोरांना मी स्वतः सांगेन. तू वाजव, पोरं शिकतील."

"हे?" दादानं प्लेअरकडे बघून असं तोंड केलं की भाचीला हसू फुटलं. "हे कोण ऐकणार? मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं." त्यानं हात पुढे केला. "दे गं, तुझी गिटार दे."

त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि रेकॉर्डचं पहिलं गाणं सुरू केलं. सावकाश, जड, सैल तारांवर. फळीवरची भांडी वाजायला लागली. नळवाल्यानं मान वर केली. आत्याला वाटलं, पोरीनं इथं येऊन इथल्यासारख्या तारा सैल केल्या असणार. ती भाचीकडे बघायला लागली.

"मी नाही, बाबांनीच लावून दिलीय," भाची म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या गिटारी अशाच असतात. बाबांच्या शिकवणीतल्या पोरांच्यापण. मला वाटायचं, सगळीकडे अशाच असतात."

दादा वाजवत वाजवतच बोलला, बहिणीकडे न बघता. "तिकडे परत गेलो त्याच आठवड्यात बरोबर लावली होती. घट्ट. अगदी बरोबर आली. पण ती आपली वाटेना. मग आईची आठवण आली की थोडी सैल करायचो, तुझी आली की थोडी सैल करायचो. महिन्याभरात आपल्या जागेवर आली. तिथून मग हलवली नाही."

आत्या रडायला लागली ते तोंडाला पदरही न लावता, सगळ्यांच्या देखत. नळवाल्यानं बेस गिटार काढली. बेकरीवाला म्हणाला, ड्रम माझ्या बेकरीत आहेत, आणि तोवर म्हणून पाटावर हात मारायला लागला. तिघांनी गाणं शेवटपर्यंत वाजवलं.

मग दादा उठला. "ते कंपनीचं काढ. कानस कुठंय तुझी?"

सगळे जिना उतरून खाली आले. माना वाकवून जिन्याखाली दाटीवाटीनं उभे राहिले. आत्यानं नवं चाक बॉबिनच्या दांडीवर बसवलं, खणातून कानस काढली. चांगलं, मापात बसलेलं चाक आपल्या हातानं बिघडवायची तिच्या जन्मातली ही पहिलीच वेळ. दादा मशीनवर बसला, गुडघे चाचपले आणि पाय मारायला लागला. मशीन धावलं, चाक गरगरलं. तिनं कानस टेकवली, पितळेचा भुगा टेबलावर पडायला लागला. मध्येच थांबून तिनं जुन्या चाकाशी मापून बघितलं, परत टेकवलं, परत मापलं. जुन्याशी तंतोतंत जुळलं.

"बास," ती म्हणाली. "झालं, दादा."

"अजून थोडं," दादा म्हणाला. त्याचे पाय थांबले नव्हते.

आत्यानं कानस हळूच उचलून घेतली आणि चाक नुसतंच फिरू दिलं.